एकच राग, पण तळापर्यंत

देवगड तालुक्यातल्या एका मुलीने विचारलं आहे: बारावीची परीक्षा झाली, गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा ही संगीत परीक्षा पूर्ण झाली आहे, लहानपणापासून गावच्या भजनात गाते. आता संगीतातच पदवी करायची आहे. विद्यापीठात प्रवेशाआधी प्रत्यक्ष गाऊन दाखवावं लागतं. हातात दोन महिने आहेत आणि शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदाच येतात. आजवर शिकलेल्यांतला कोणता राग गाऊ, की छाप पडेल असा एखादा नवा राग बसवू? आणि तिथे नेमकं काय बघतात?

तीस वर्षं सिंधुदुर्गात गाणं शिकवते आहे. माझ्या हाताखालून अशा चाचण्यांना बरीच मुलं गेली आणि काही वेळा मी स्वतः ऐकणाऱ्यांच्या बाजूला बसले. म्हणून थेट तुलाच लिहिते.

नवा राग बसवू नकोस. हे पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं. वर्ष-दीड वर्षं तुझ्या गळ्यात मुरलेला जो राग असेल, तोच घे आणि या दोन महिन्यांत त्याच्या तळापर्यंत जा. मंडळाच्या परीक्षेत अभ्यासक्रम ठरलेला असतो, त्यातलं किती आलं ते परीक्षक मोजतात. विद्यापीठाच्या चाचणीत समोरच्यांच्या मनात वेगळाच हिशोब असतो. ही मुलगी पुढची तीन-चार वर्षं आपल्यासमोर बसणार आहे, हिला शिकवता येईल का? षड्ज, म्हणजे सा, लावला तर तो जागेवर राहतो का, लय अंगात आहे का, एखादी जागा, म्हणजे स्वरांचं छोटं वळण, दाखवली तर ती ऐकून हिच्या गळ्यातून निघते का, एवढंच ते शोधत असतात. तुला बारा राग येतात याचं त्यांना फारसं अप्रूप नाही. बाराचे चाळीस करायला तर ते तिथे बसले आहेत.

हे मी इतकं ठासून सांगते कारण माझी पहिली चाचणी याच चुकीने गेली. मला तेव्हा भूप आणि भीमपलास चांगले येत होते. पण कुणीतरी सांगितलं, हे सगळेच गातात, काहीतरी वजनदार ने. मी महिन्याभरात मारवा बसवला. मारव्यात पंचम नाही, कोमल रिषभ आणि धैवतावर सगळा डोलारा, आणि षड्ज तर जवळजवळ झाकूनच ठेवायचा. ज्या मुलीचा षड्जच अजून पक्का व्हायचाय, तिने षड्ज लपवणारा राग घ्यावा, यापेक्षा मोठी चूक नाही. माझं सगळं लक्ष रिषभ बरोबर लागतोय का इकडे. विलंबित एकताल, म्हणजे संथ लयीतला बारा मात्रांचा ताल, चालू होता. तालाकडे कानच नव्हता. मी मुखडा, म्हणजे समेकडे नेणारा बंदिशीचा तुकडा, घेऊन मोठ्या विश्वासाने समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आले आणि तबल्यावर वाजला 'कत्'. सातव्या मात्रेवर उतरले होते. तबलावादकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, ती नजर अजून आठवते. त्या वर्षी प्रवेश मिळाला नाही.

ही चूक दरवर्षी कुणी ना कुणी करतं, आणि ती का होते हे नीट समजलं तर टाळता येते. विलंबित एकतालाचा ठेका हातावर धरून म्हणून बघ: धिं धिं, धागे तिरकिट, तू ना, कत् ता, धागे तिरकिट, धी ना. बारा मात्रा, त्यात 'धागे तिरकिट' दोनदा येतं. एकदा तिसऱ्या-चौथ्या मात्रेला, एकदा नवव्या-दहाव्याला. गाणारा आलापात बुडालेला असतो, मात्रा मोजत नसतो, कानाला 'तिरकिट' ऐकू आलं की त्याला वाटतं सम जवळ आली, मुखडा उचलायला हवा. दहाव्या मात्रेचं तिरकिट असेल तर तीन मात्रांनी सम येते, सगळं ठीक. पण ते चौथ्या मात्रेचं असेल तर तीन मात्रांनी येते सातवी, म्हणजे 'कत्', म्हणजे काल, टाळीऐवजी हात बाजूला न्यायची जागा. दोन तिरकिटांत फरक ओळखायचा तो मागच्या-पुढच्या बोलांवरून. पहिल्याच्या आधी 'धिं धिं' असा भरलेला डग्गा, म्हणजे डाव्या हाताचा खर्जाचा तबला, असतो आणि नंतर 'तू ना'. दुसऱ्याच्या आधी 'कत् ता', तिथे डग्गा बंद असतो, आणि नंतर 'धी ना' मध्ये तो पुन्हा उघडतो. म्हणून ऐकायचं ते तिरकिट नव्हे, त्याच्या आधीचं 'कत्'. ते एकदा कानाने पकडलं की पुढचं तिरकिट तुझंच.

हे मोबाइलच्या तबल्यावर शिकता येत नाही असं नाही, पण मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर डग्गा ऐकूच येत नाही, आणि डग्गा ऐकू आला नाही तर हा सगळा फरकच पुसला जातो. निदान चांगले हेडफोन लाव. आणि आठवड्यातून दोनदा तरी माणसाबरोबर गा. तुमच्या भजनात जे पखवाज वाजवतात त्यांना, किंवा जवळपास कुणी तबला वाजवत असेल त्यांना विचार. भजनाला बसणाऱ्या माणसाला विलंबित एकतालाची सवय नसेल, तर त्याला ठेका लिहून दे आणि दोघं मिळून बसवा. त्याचाही फायदा होईल. मोबाइल कधी चुकत नाही, कधी थांबत नाही, तुझ्याकडे बघतही नाही. माणूस मध्येच छोटा तुकडा वाजवतो, लय केसभर पुढेमागे होते, तुझ्या आलापाला भरती देतो. चाचणीत तुझ्या शेजारी माणूसच असणार आहे.

आता राग कोणता. तू लिहिलेल्या यादीत भीमपलास आहे आणि तो तू दोन वर्षं गातेस, तर मी भीमपलासच म्हणेन. काफी थाट, गंधार-निषाद कोमल, आरोहात रिषभ-धैवत वर्ज्य, वादी म्हणजे मुख्य स्वर मध्यम, संवादी षड्ज, दिवसाचा तिसरा प्रहर. हे तुला पाठ आहेच. पण माहिती पाठ असणं आणि राग माहीत असणं यात अंतर आहे. पुढच्या दोन आठवड्यांत तू फक्त एवढंच कर: मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, निषादावरून षड्जाला ये, षड्जावरून मीड घेऊन, न तुटता घसरत, मध्यमावर जा आणि तिथे थांब. मध्यमावर. पूर्ण श्वास संपेपर्यंत. तानपुऱ्यात मध्यम विरघळला पाहिजे. मग गंधाराला हात लाव, पण सरळ नाही, मध्यमाचा कण, म्हणजे हलका स्पर्श, घेऊन. निषादाला तसाच षड्जाचा कण. पेटीवरचा कोमल गंधार आणि भीमपलासमधला कोमल गंधार एक नाही, हे तुझ्या बाईंनी सांगितलं असेलच. पेटी बाजूला ठेवून तानपुऱ्यावर शोधलास की तो कुठे आहे ते तुझं तुलाच सापडेल. 'नि सा म, म ग प म, ग म ग रे सा' या एवढ्याशा चालीत सगळा राग उभा राहतो. ती नीट आली की परीक्षकांचे चेहरे सैल होतात, हे मी समोर बसून पाहिलेलं आहे.

आणि शेजारी ओळखून ठेव. पटदीपचा आरोह-अवरोह जवळपास हाच, पण निषाद शुद्ध. धनाश्रीत हेच स्वर, पण जोर पंचमावर. बागेश्रीत गंधार-निषाद कोमलच, पण 'ग म ध नी सां' अशी चाल, धैवताला मान आणि पंचम अगदी थोडा. घाईत तान घेताना तुझा धैवत आरोहात डोकावला तर भीमपलास बागेश्रीकडे झुकतो. परीक्षक नेमका इथेच प्रश्न विचारतात. उत्तर तोंडी दिलंस तर चांगलं, पण दोन्ही चाली गाऊन फरक दाखवलास तर फार चांगलं. म्हणून भीमपलास बसवताना पटदीप आणि बागेश्रीची एक-एक ओळ तरी गळ्यात ठेव.

सकाळी दहाला बोलावलं तर दुपारचा राग कसा गाऊ, असंही विचारलं आहेस. चाचणीला वेळेची सक्ती मी कुठे पाहिली नाही. राग कोणत्या प्रहरातला ते विचारल्यावर सांगता आलं म्हणजे झालं.

सोबतीला दुसरा राग ठेव, पण थाट आणि स्वभाव वेगळा असू दे. यमन किंवा भूप. त्यात फक्त मध्य लयीची एक बंदिश, थोडे आलाप, थोड्या ताना. भूप घेतलास तर देशकार आलाच: तेच पाच स्वर, पण भूपात गंधार राजा आणि देशकारात धैवत, भूप रात्रीचा आणि देशकार सकाळचा. हा प्रश्न इतक्या वेळा विचारला जातो की त्याची तयारी न करता जाऊच नये.

आता वेळेचं गणित, कारण यातच मुलं फसतात. विलंबित एकतालात एक मात्रा साधारण चार सेकंदांची धरली तर एक आवर्तन, तालाचा एक पूर्ण फेरा, ४८ सेकंदांचं होतं. चाचणीत तुला सहा मिनिटं मिळाली तर हातात येतात फक्त सात-साडेसात आवर्तनं. त्यातली दोन स्थायीत, म्हणजे बंदिशीच्या पहिल्या भागात जातात, दुसऱ्या भागात, अंतऱ्यात, एक. उरली चार. या चारांत तुला राग दाखवायचा आहे. घरी तू वीस मिनिटांचा ख्याल गातेस, तिसऱ्या आवर्तनात मंद्रातच असतेस, आणि तेवढ्यात समोरून 'आता छोटा ख्याल घ्या' असा आवाज येतो. मग वाटतं, मध्यमाच्या पुढे गेलेच नाही, काही दाखवताच आलं नाही. म्हणून तोच ख्याल तीन मापांत बसव: तीन मिनिटांचा, सात मिनिटांचा, बारा मिनिटांचा. तीन मिनिटांच्या गाण्यात विलंबिताची लय थोडी चढी घे, आणि पहिल्या दोन आवर्तनांतच षड्ज, मध्यम आणि तार षड्ज तिन्ही ऐकू आले पाहिजेत. आणि मध्येच थांबवलं तर घाबरू नकोस. समोरच्यांना हवं ते मिळालं की ते थांबवतात, कारण बाहेर आणखी पंचवीस मुलं बसलेली असतात. छान गाणाऱ्या मुलीला दोन मिनिटांत थांबवलेलं आणि पहिल्या यादीत घेतलेलं मी पाहिलं आहे.

सुरुवातीला ठेक्याशिवाय अर्धा मिनिट आलाप कर. डोळे मिटले तरी चालतील, पण बंदिश सुरू करताना तबलावादकाकडे बघ, लय हाताने दाखव. त्याला समजलं आहे याची खात्री झाली की मगच मुखडा उचल. ही साधी गोष्ट आहे, पण ती करणारी मुलगी मैफलीला बसू शकते असं ऐकणाऱ्यांना लगेच जाणवतं.

ताना कमी घे. सपाट तान जोरात फेकून स्वर चिकटलेले, आकार तोंडात घुसमटलेला, असं गाणं नको. बरोबरीच्या लयीत प्रत्येक दाणा सुटा दिसेल अशी तान घे, मग दुगुनीत, दुप्पट वेगात. जेवढा वेग स्वच्छ निघतो तेवढाच तुझा वेग.

तुझ्या पट्टीविषयी, म्हणजे तुझा षड्ज पेटीच्या कुठल्या पट्टीवर येतो त्याविषयी. काळी चार म्हणतेस ना, तर विचारात घ्यायच्या दोन गोष्टी आहेत. तिथे काळी चारचा तबला असेलच असं नाही. पण काळी एकचा तबला बहुतेक ठिकाणी असतो, आणि काळी एक म्हणजे तुझ्या काळी चारचा शुद्ध मध्यम. तबला मध्यमात लावून गाता येतं, आणि भीमपलासमध्ये तर मध्यमच वादी असल्याने तो गोडच लागतो. यमनला मात्र असा तबला चालणार नाही, तिथे तीव्र मध्यमाच्या शेजारी सतत शुद्ध मध्यम वाजत राहील. म्हणजे दुसरा राग भूप ठेवायचा की यमन, याचा निर्णय इथेही होतो. भूपात मध्यमच नाही, तरी तिथेही षड्ज किंवा पंचमातला तबला मिळाला तर बरा. दुसरी गोष्ट, अर्धी पट्टी खाली उतरून गायची सवय ठेव. जून-जुलैत आपल्याकडचीच काय, मुंबईचीही हवा ओली असते. तबल्याची पुडी ओल धरते, सैल पडते, स्वर उतरतो, आणि गजऱ्यावर कितीही हातोडी मारली तरी दहा मिनिटांत पुन्हा उतरतो. वादकाला दोष देत बसण्यापेक्षा 'चालेल, पांढरी पाचमध्ये गाते' असं म्हणता आलं पाहिजे. तानपुऱ्याच्या ॲपवर स्वर बारीक-बारीक वरखाली करायची सोय असते, ती वापरायला शिकून घे. तबला जिथे आहे तिथे तानपुरा न्यायचा.

आता भजनाविषयी, कारण ते तू थोडं लाजत लिहिलं आहेस असं मला वाटलं. लाजू नकोस. आपल्याकडच्या डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, गणपतीतल्या आरत्यांत, सप्ताहात वाढलेल्या मुलांच्या अंगात लय असते. शहरातल्या शिकवणीतून आलेल्या अनेक मुलांना जी भजनी ठेक्याची झोकदार चाल शिकवावी लागते, ती तुमच्यात आपोआप येते. न घाबरता चार माणसांत गायची सवय असते. हे सगळं तुझं भांडवल आहे. 'आणखी काय म्हणतेस?' असं विचारलं तर खुशाल तुझ्या मंडळातला अभंग म्हण, जसा गावात म्हणतेस तसाच.

पण दोन सवयी मात्र भजनातून ख्यालात येतात आणि त्या काढाव्या लागतात. एक, पट्टी. भजनात तू बुवांच्या पट्टीत गातेस, झांजा आणि पखवाजाच्या वर आवाज काढायचा म्हणून गळा ताणतेस. तार सप्तकात ते चालून जातं, पण मंद्रात हवा येते, स्वरच उरत नाही. पुढचे दोन महिने भजनात कोरसमध्येच बस, आघाडी घेऊ नकोस. बुवांना सांगितलंस तर ते समजून घेतील. रोज पहाटे अर्धा तास फक्त मंद्र सप्तक, षड्जावरून एकेक स्वर खाली, मंद्र पंचमापर्यंत, जमेल तर मध्यमापर्यंत. जोर नको. आवाज बारीक निघाला तरी चालेल, पण तो सरळ असू दे.

दुसरी सवय उच्चारांची. बंदिशी बहुतेक ब्रजभाषेत किंवा हिंदीत असतात. आपण मराठी माणसं 'जोबन', 'चंचल', 'झनन' यातले ज, च, झ नकळत 'जग', 'चमचा', 'झाड' मधल्यासारखे दातांवरून म्हणतो. ब्रजात ते 'जीव', 'चित्र' मधल्यासारखे टाळूवरून यायला हवेत. पुण्या-मुंबईत कानाला हे लगेच खटकतं. बंदिशीचा एकेक शब्द कागदावर लिही, प्रत्येकाचा अर्थ बाईंकडून विचारून घे. 'ही बंदिश काय सांगते?' असा प्रश्न मी स्वतः कितीतरी मुलांना विचारला आहे, आणि मध्यमा झालेल्या मुलांनाही उत्तर देता येत नाही याचं वाईट वाटतं. ज्या ओळीचा अर्थ माहीत नाही ती ओळ कुठे तोडायची, श्वास कुठे घ्यायचा, हे तरी कसं कळणार?

गाणं झालं की दहा मिनिटं प्रश्नांची. पेटीवर एक स्वर दाबतील, तो ओळख म्हणतील. चार-पाच स्वरांचा एक तुकडा म्हणून दाखवतील, तू तो परत म्हणायचा. त्रिताल हातावर दुगुनीत म्हणायला लावतील. झपतालाच्या टाळ्या आणि काल कुठे, रूपक पहिल्या मात्रेलाच कालाने का सुरू होतो, दहा थाट कोणते, भातखंडे आणि पलुस्कर यांच्या स्वरलिपीत फरक काय. तू मंडळाच्या पुस्तकांतून शिकलीस म्हणजे पलुस्कर पद्धत ओळखीची आहे. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारेला वर टिंब. भीमपलासची तुझी बंदिश दोन्ही पद्धतींत लिहून काढ, एका दुपारचं काम आहे.

या सगळ्यात 'ऐकून परत म्हण' हा भाग सगळ्यात मोलाचा आहे आणि त्याची तयारी कुणी करत नाही. घरात कुणालाही पेटीचे चार पडदे दाबायला सांग, धाकट्या भावाला सांग, त्याला स्वर कळत नसले तरी चालतील. तो दाबेल ते आकारात म्हणायचं, मग सरगमीत. रोज दहा मिनिटं. मालवणच्या बाजूचा माझा एक विद्यार्थी होता, गाणं साधंच, तान तर नव्हतीच. चाचणीत एका ज्येष्ठ परीक्षकांनी त्याला एक जागा दाखवली. पहिल्यांदा चुकला, 'पुन्हा ऐकू का?' म्हणून विचारलं, दुसऱ्यांदा जवळ गेला, तिसऱ्यांदा अगदी तशीच काढली. मग त्यांनी एका रागाबद्दल विचारलं, तर 'हा मी शिकलेलो नाही' म्हणाला, सरळ. त्याला घेतलं. आज तो स्वतः शिकवतो.

रियाजाचं वेळापत्रक मी तुला तासातासाचं देणार नाही. एप्रिल-मेमध्ये तुमच्या घरी कसली धावपळ असते ते मला माहीत आहे, आंबा उतरायचा, आढी लावायची, पेट्या भरायच्या. म्हणून पहाटे पाच ते साडेसहा ही वेळ कुणालाही देऊ नकोस. मंद्र, पलटे, भीमपलासचा आलाप. संध्याकाळी एक तास बंदिश आणि ताना. झालं. दोन महिने आहेत म्हणून एकदम पाच-सहा तास बसणारी मुलं तिसऱ्या आठवड्यात आवाज घालवून बसतात. आवाज बसला तर सरळ दोन दिवस गप्प राहा, कुजबुजूही नकोस, कुजबुजण्याने गळ्यावर आणखी ताण येतो. दोन आठवड्यांत सुधारला नाही तर काढे करत बसू नकोस, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव.

रोजच्या रियाजात एक परीक्षा स्वतःची घे. तानपुरा चालू ठेवून आलाप सुरू कर, मध्येच तानपुरा बंद कर, एक मिनिट तसंच गा, षड्जावर ये आणि पुन्हा तानपुरा लाव. षड्ज जुळला तर ठीक. वर गेली असशील तर उत्साहात ताणते आहेस, खाली आली असशील तर श्वास कमी पडतो आहे. आठवडाभर केलंस की तुझा गळा कुठल्या बाजूला कलतो ते कळेल.

अर्ज कुठे करावा याबद्दल थोडक्यात. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आहे, पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून गुरुकुल पद्धतीने शिकवतं, एस.एन.डी.टी. मुलींसाठी मुंबई-पुण्यात आहे. पण देवगडवाल्यांनी कोल्हापूर विसरू नये. फोंडाघाट चढून राधानगरीवरून गेलं की आलं, आणि शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर ज्यांच्याकडे शिकल्या ते अल्लादिया खाँसाहेब ज्या गावात राहिले, त्या गावाला गाण्याचा वारसा आहे. दक्षिणेला पणजीत गोवा कॉलेज ऑफ म्युझिकही आहे. निदान तीन ठिकाणी अर्ज कर. प्रत्येक ठिकाणचं या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाच, तारखा आणि नियम गेल्या वर्षीच्या मुलांना विचारून धरू नकोस. मध्यमाची मूळ गुणपत्रिका आणि झेरॉक्स वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेव, पाऊस असतो.

आणि आदल्या दिवशी पोच. कणकवलीहून रात्रीच्या गाडीने बसून सकाळी उतरायचं आणि दहाला गायचं, हे करू नकोस. जूनमध्ये कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्या सावकाश चालतात, आणि उघड्या खिडकीशी रात्रभर बसलेला गळा सकाळी मंद्रात बोलत नाही. कुणा नातेवाइकांकडे एक रात्र राहा, रात्री लवकर झोप, सकाळी उठून वीस मिनिटं फक्त मंद्र आणि मध्य सप्तकात हलकं गा. ख्याल गाऊ नकोस, तो आतच राहू दे. घरून पाणी साधं ने. सोलकढी, दही, तळलेलं त्या दिवशी नको. आत गेल्यावर आधी तबलावादकांना नमस्कार कर, पट्टी सांग, विलंबित एकताल आणि नंतर मध्य लय त्रिताल म्हणून सांग. तानपुरा लागला की लगेच सुरू करू नकोस. दोन-तीन श्वास नुसतं ऐक.

आता एक काम कर. पुढच्या रविवारपर्यंत भीमपलास सात मिनिटं गाऊन फोनवर ध्वनिमुद्रित कर. तानपुरा फोनपासून हातभर लांब ठेव, म्हणजे तुझा षड्ज झाकला जाणार नाही. तबला माणसाने वाजवलेला असू दे, चुकला तरी चालेल. आणि मध्ये थांबून पुन्हा सुरुवात करू नकोस, समेवर चुकलीस तर चुकलेलंच पाठव. ते ऐकलं की कुठल्या तिरकिटावर मुखडा उचलतेस ते मला कळेल.